पुढची पायरी : पदवीबाहेर वाढणारे व्यवसाय

महाराष्ट्राच्या शासनव्यवहारात तांत्रिक शिक्षणाच्या दाखल्यांना तीन निरनिराळी नावे आहेत. विद्यापीठ देते ती पदवी, तंत्रनिकेतनातील अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ देते ती पदविका, आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या आयटीआयमधून, मिळते ते प्रमाणपत्र. कागदावर हे तीन स्वतंत्र मार्ग असले, तरी घराघरांतील बोलण्यात त्यांची उतरंड केव्हाच ठरून गेली आहे : मूल इंजिनीअरिंगला 'जाते', डिप्लोमाला 'प्रवेश घेते', आणि दहावीला गुण कमी पडले तर त्याला आयटीआयला 'घातले' जाते. एकीकडे निवड आणि दुसरीकडे नाइलाज हा भेद या क्रियापदांतच मुरलेला असल्यामुळे, तिसऱ्या मार्गाने जाणाऱ्याला पुढे काय मिळू शकते याची चौकशी सहसा प्रवेशानंतर होते, प्रवेशापूर्वी नाही.

या प्रकरणात पदविका आणि प्रमाणपत्र यांच्या आधारावर उभ्या राहिलेल्या, आणि ज्यांची मागणी वाढत राहण्यास ठोस कारणे आहेत, अशा व्यवसायांचा विचार केला आहे. हा विचार करताना पगाराच्या पहिल्या आकड्यापेक्षा एका वेगळ्या कसोटीला महत्त्व दिले आहे. पदवीशिवाय मिळणारी कामे पुष्कळ आहेत, परंतु त्यांतील ज्या कामाला कायद्याने किंवा उद्योगाने मान्य केलेल्या पायऱ्या आहेत, ज्यात आज मदतनीस असलेल्या माणसाला पाच वर्षांनी कोणत्या अधिकाराने सही करता येईल हे आज सांगता येते, त्यालाच व्यवसाय म्हणणे योग्य ठरते. बाकीची कामे म्हणजे केवळ रोजगार, आणि ती कितीही वेगाने वाढली तरी करणारा माणूस पहिल्या दिवशी जिथे उभा असतो तिथेच दहा वर्षांनीही उभा असू शकतो.

आकड्यांचे वाचन

आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि मानव विकास संस्था यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारत रोजगार अहवालानुसार, २०२२ मध्ये देशातील पदवीधर तरुणांमध्ये बेरोजगारीचा दर २९.१ टक्के होता, तर लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये तो ३.४ टक्के होता. या दोन आकड्यांवरून पदवी निरुपयोगी आहे असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. मात्र बेरोजगारीचा दर म्हणजे काम करणाऱ्या आणि काम शोधणाऱ्या अशा एकूण माणसांपैकी काम न मिळालेल्यांचे प्रमाण, हे ध्यानात घेतले की चित्र बदलते. ज्याच्या घरात संध्याकाळच्या चुलीची भ्रांत आहे, त्याला मनाजोगते काम मिळेपर्यंत थांबणे परवडत नाही, त्यामुळे तो मिळेल ते काम पत्करतो आणि आकडेवारीत 'रोजगार असलेला' म्हणून मोजला जातो. पदवीधराला मात्र घरचे काही काळ सांभाळून घेतात. तेव्हा हे आकडे पदवीच्या मोलाबद्दल फारसे सांगत नाहीत. पदवी हातात आल्यावर माणूस ज्या प्रकारच्या कामाची वाट पाहतो, ती कामे पदवीधरांच्या संख्येच्या मानाने कमी निर्माण होत आहेत, एवढेच त्यांतून दिसते.

दुसरा आकडा या चित्राची उलट बाजू दाखवतो. केंद्र सरकारच्या २०१५ च्या राष्ट्रीय कौशल्य विकास व उद्योजकता धोरणात नमूद केल्याप्रमाणे, भारतातील एकूण मनुष्यबळापैकी औपचारिक कौशल्य प्रशिक्षण घेतलेल्यांचे प्रमाण ५ टक्क्यांपेक्षाही कमी होते, तर जर्मनीत ते ७५ टक्के आणि दक्षिण कोरियात ९६ टक्के होते. याचा अर्थ उरलेल्या ९५ टक्के भारतीयांच्या हातांत कसब नव्हते असा नाही, कारण मिस्त्रीच्या किंवा उस्तादाच्या हाताखाली वर्षानुवर्षे काम करून तरबेज झालेले गवंडी, सुतार आणि मेकॅनिक प्रत्येक गावात आहेत. परंतु त्यांच्या कसबाचा पुरावा त्यांना ओळखणाऱ्या माणसांच्या तोंडी असतो आणि तो परक्या शहरात, परक्या मालकासमोर किंवा बँकेच्या काउंटरवर चालत नाही. प्रमाणपत्राचे खरे काम हेच आहे : अनोळखी माणसाला अनोळखी माणसाच्या हातावर विश्वास ठेवता यावा, अशी सोय ते करून देते.

बलुत्यापासून आयटीआयपर्यंत

महाराष्ट्राच्या गावगाड्यात सुतार, लोहार, कुंभार, चांभार यांसारख्या बलुतेदारांकडे कसब होते, गावाला त्याची गरज होती आणि सुगीला धान्याच्या रूपाने मोबदलाही ठरलेला होता. मात्र हे कसब जन्माने मिळत असे आणि जन्मानेच माणसाला बांधून ठेवत असे. लोहाराचा मुलगा कितीही निपुण झाला तरी तो लोहारच राहत असल्यामुळे या व्यवस्थेत कौशल्य होते पण शिडी नव्हती, आणि हाताच्या कामाला चिकटलेला जातीचा कमीपणा आजही आयटीआयकडे पाहण्याच्या नजरेत अंशतः शिल्लक आहे.

गिरण्या आणि रेल्वे आल्यावर प्रथमच अशा कारागिरांची गरज निर्माण झाली, ज्यांचे काम कोणत्याही एका जातीच्या परंपरेत बसत नव्हते. वाफेचे इंजिन, माग आणि लेथ चालवणारी माणसे घडवण्यासाठी १८८७ मध्ये मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झाली. आज वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्था या नावाने ती ओळखली जाते. याच संस्थेत शिक्षक असलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्याकडे अभियांत्रिकीची पदवी नव्हती. चित्रकला शिकण्यासाठी ते सर ज. जी. कला विद्यालयात गेले, परंतु रंगांधळेपणामुळे तो मार्ग बंद झाला आणि त्यांनी यांत्रिक आरेखन आत्मसात केले. पुढे बेळगावातील सायकलींच्या दुकानापासून सुरुवात करून, १९१० मध्ये औंध संस्थानातील माळरानावर त्यांनी किर्लोस्करवाडी उभी केली. अशा असामान्य माणसाचे उदाहरण मात्र जपून वापरावे लागते, कारण त्याने स्वतःची शिडी स्वतः बनवली होती आणि सामान्य बुद्धीच्या, सामान्य घरच्या हजारो मुलांना तसे करायला सांगणे हे धोरण होऊ शकत नाही.

स्वातंत्र्यानंतर ही शिडी सार्वजनिक करण्याचा प्रयत्न झाला. १९५० मध्ये केंद्र सरकारने कारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली, तिच्यातून देशभर आयटीआय उभ्या राहिल्या, आणि १९५६ मध्ये अभ्यासक्रम व परीक्षा यांचे निकष देशभर सारखे असावेत यासाठी राष्ट्रीय व्यवसाय प्रशिक्षण परिषद स्थापन झाली. आज महाराष्ट्रात चारशेहून अधिक शासकीय आयटीआय असून खासगी संस्थांची संख्या त्याहून मोठी आहे.

आयटीआयची घडण

आयटीआयमध्ये शिकवल्या जाणाऱ्या विषयाला 'व्यवसाय' किंवा बोलीभाषेत 'ट्रेड' म्हणतात. शासनाने या ट्रेडना दिलेली मराठी नावे संस्थांच्या फलकांवर आजही दिसतात : फिटरला जोडारी, टर्नरला कातारी, वेल्डरला संधाता, इलेक्ट्रिशियनला वीजतंत्री, वायरमनला तारतंत्री आणि प्लंबरला नळ कारागीर. जोडारी, कातारी, वीजतंत्री, तारतंत्री यांसारखे अभ्यासक्रम दोन वर्षांचे, तर संधाता किंवा नळ कारागीर यांसारखे एका वर्षाचे आहेत. बहुतेकांना दहावी उत्तीर्ण असावे लागते, काही मोजक्यांना आठवी पुरते. अभ्यासक्रमाचा मोठा भाग कार्यशाळेत जातो आणि अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळते.

या घडणीचा दुसरा निम्मा भाग कारखान्यात असतो. शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ नुसार तीस किंवा त्याहून अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनांना आपल्या एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के इतके शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. शिकाऊ उमेदवार म्हणजे कामगार नव्हे. त्याला मिळते त्या रकमेला वेतन न म्हणता विद्यावेतन म्हणतात. २०१९ च्या नियमांनी आयटीआय उत्तीर्ण उमेदवारासाठी दरमहा किमान ७,००० रुपये, पदविकाधारकासाठी ८,००० रुपये आणि पदवीधरासाठी ९,००० रुपये असे विद्यावेतन ठरवले होते. या आकड्यांमधील अंतर पाहण्यासारखे आहे, कारण तीन-चार वर्षांचे जास्तीचे शिक्षण आणि त्यावरील खर्च यांचा फरक शिकाऊ पातळीवर केवळ दोन हजार रुपयांचा ठरतो.

आयटीआय ही बंद गल्ली आहे हा समजही तपासून घ्यावा लागतो. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केलेल्यास तंत्रनिकेतनात पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेता येतो, आणि पदविकाधारकास अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात. म्हणजे पदवीचे दार बंद होत नाही, ते उशिरा आणि वेगळ्या बाजूने उघडते, आणि तोपर्यंत विद्यार्थ्याच्या हातात कमावण्याचे साधन आलेले असते.

तारतंत्र्याची सही

शिडी म्हणजे नेमके काय, हे समजून घेण्यासाठी विजेच्या कामाइतके स्वच्छ उदाहरण दुसरे नाही. महाराष्ट्रात नव्या घराला, दुकानाला किंवा गिरणीला वीजजोडणी हवी असेल तर अर्जासोबत चाचणी अहवाल जोडावा लागतो आणि त्यावर परवानाधारक विद्युत ठेकेदाराची सही लागते. मालकाच्या घरात कितीही पदवीधर असले तरी त्यांच्यापैकी कोणाची सही तिथे चालत नाही.

या सहीच्या मागे जे काम असते ते असे. वायरिंग पूर्ण झाल्यावर सर्व दिवे व उपकरणे वेगळी करून तारेच्या वेष्टनाचा विद्युतरोध मोजला जातो. त्यासाठी वापरले जाणारे उपकरण म्हणजे मेगर. ते तारांमध्ये ५०० व्होल्टचा दाब निर्माण करते आणि वेष्टनातून किती प्रवाह निसटतो यावरून रोध दाखवते. घरगुती दाबाच्या वायरिंगमध्ये हा रोध किमान १ मेगओहम, म्हणजे दहा लाख ओहम, असावा लागतो. एखाद्या जंक्शन बॉक्समध्ये ओल शिरली असेल किंवा पाइपातून तार ओढताना तिचे साल खरवडले गेले असेल, तर डोळ्यांना काहीही दिसत नाही, दिवे लागतात, पंखे फिरतात, परंतु मेगरचा काटा खाली येतो. त्यानंतर अर्थिंगचा रोध, फेज आणि न्यूट्रल यांची जागा, तसेच बटण फेजच्या तारेवर आहे की न्यूट्रलच्या, हे पाहिले जाते. बटण न्यूट्रलवर बसवले असेल तर दिवा विझतो पण होल्डरमध्ये वीज कायम राहते, आणि दिवा बदलायला स्टुलावर चढलेल्या माणसाला त्याचा पत्ता नसतो. एवढ्या एका चुकीत एक जीव जाऊ शकतो, म्हणून कायदा सहीवर अडून बसतो.

या कामाच्या पायऱ्या तीन आहेत. आयटीआय उत्तीर्ण वीजतंत्री किंवा तारतंत्री प्रथम तारतंत्री परवाना घेतो, अनुभव आणि पात्रता यांच्या आधारे पुढे पर्यवेक्षकाचे प्रमाणपत्र मिळवतो, आणि आवश्यक साधने व मनुष्यबळ जमवून विद्युत ठेकेदाराची अनुज्ञप्ती घेतो. याच पात्रतेवर महावितरणमध्येही प्रवेश मिळतो; २०२३ च्या अखेरीस महावितरणने विद्युत सहाय्यकाच्या ५,३४७ पदांसाठी दिलेल्या जाहिरातीत दहावी अथवा बारावीबरोबर वीजतंत्री किंवा तारतंत्री ही अर्हता होती. विद्युत सहाय्यक पहिली तीन वर्षे ठरावीक मानधनावर काम करतो आणि नंतर तंत्रज्ञ म्हणून नियमित होतो. पावसाळ्यात खांबावर चढणे हे त्या तीन वर्षांतले वास्तव असल्यामुळे ही शिडी सोपी आहे असे कोणी म्हणणार नाही, परंतु ती दिसते.

ऊन आणि गारवा

वीजतंत्र्याच्या याच शिडीला गेल्या दशकात नव्या फांद्या फुटल्या आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेने देशातील एक कोटी घरांच्या छपरांवर सौर पॅनेल बसवण्याचे उद्दिष्ट ठेवले असून, तीन किलोवॉट वा त्याहून मोठ्या घरगुती संचासाठी ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान देऊ केले आहे. महाराष्ट्रात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणि मागेल त्याला सौर कृषी पंप योजना यांनी हेच काम शिवारापर्यंत नेले आहे. एक किलोवॉटच्या संचाला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते आणि स्वच्छ उन्हात तो दिवसाला चार युनिटच्या आसपास वीज देतो. पॅनेल कारखान्यात बनतात, परंतु ते प्रत्येक छपरावर कोणीतरी चढवावे लागतात, आणि हे काम दूरच्या शहरात बसून करता येत नाही.

सौर संचातील वीज घरगुती विजेपेक्षा वेगळी असते, आणि नेमके याच कारणासाठी जुन्या वायरमनलाही नव्याने शिकावे लागते. घरातील प्रत्यावर्ती प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे सैल जोडात ठिणगी पडली तरी ती विझण्याची संधी असते. पॅनेलमधून येणारा एकदिश प्रवाह शून्यावर येतच नाही, आणि पॅनेलची माळ जोडल्यावर त्याचा दाब काही शे व्होल्टपर्यंत जातो. अशा तारेचा जोड नीट दाबून बसवला नाही तर तेथे निर्माण होणारी ज्वाला जळतच राहते आणि वर ऊन असेपर्यंत तिला वीज मिळत राहते. पाण्याच्या टाकीची सावली एका पॅनेलवर पडली तर साऱ्या माळेचे उत्पादन का घटते, हेही बसवणाऱ्याला आधी कळलेले असावे लागते. राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेचा सूर्यमित्र हा ६०० तासांचा अभ्यासक्रम याच गरजेतून निघाला.

गारव्याच्या व्यवसायात बदलाचे कारण आंतरराष्ट्रीय करार हे आहे. १९८७ च्या माँट्रियल करारानुसार ओझोनच्या थराला हानी पोचवणारे शीतकारी वायू टप्प्याटप्प्याने बंद होत आहेत. शीतकारी वायू म्हणजे एसी किंवा फ्रीजच्या नळ्यांतून फिरून आतली उष्णता बाहेर नेणारा वायू. पूर्वीच्या आर-२२ या वायूची जागा नव्या एसींमध्ये बहुतांशी आर-३२ ने घेतली आहे, जो ओझोनला निरुपद्रवी असला तरी सौम्य ज्वलनशील आहे. मार्च २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारत शीतकरण कृती आराखड्याने देशातील गारव्याची मागणी २०३७-३८ पर्यंत वीस वर्षांत सुमारे आठपट होईल असा अंदाज बांधला आणि एक लाख दुरुस्ती तंत्रज्ञांना प्रशिक्षण व प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्ट ठेवले.

चांगला तंत्रज्ञ आणि 'गॅस भरून देणारा' यांतला फरक नळी जोडण्याच्या अर्ध्या तासात दिसतो. तांब्याच्या नळीचे तोंड कर्ण्यासारखे रुंद करताना त्याला बारीकशी चीर गेली, तर वायू महिनोन्‌महिने झिरपत राहतो. जोडाची गळती तपासण्यासाठी नायट्रोजन वापरावा लागतो, ऑक्सिजन कधीही नाही, कारण दाबाखालील ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरमधील तेल एकत्र आले तर स्फोट होतो. त्यानंतर व्हॅक्यूम पंप लावून नळ्यांतील हवा आणि ओल पूर्ण ओढून काढावी लागते, कारण उरलेली ओल तेलाशी मिळून आम्ल तयार करते आणि दोन उन्हाळ्यांत कॉम्प्रेसर खाऊन टाकते. ही पायरी गाळली तरी एसी त्या दिवशी थंड हवा देतोच, त्यामुळे ग्राहकाला चूक कळत नाही. ज्या कामातील चूक उशिरा उघडी पडते, तेथे प्रमाणपत्राची गरज अधिक असते.

शतांश मिलिमीटरचे काम

पिंपरी-चिंचवड, चाकण, छत्रपती संभाजीनगर, नाशिक आणि कोल्हापूर या पट्ट्यांत मागणी असलेले कसब म्हणजे मोजमापाचे. कातारी पूर्वी लेथवर हाताने चाक फिरवत धातू कापत असे. आता सीएनसी यंत्र, म्हणजे संगणकाच्या आज्ञावलीनुसार आपोआप हालचाल करणारे यंत्र, तेच काम करते. त्यामुळे माणसाची गरज संपली नाही, तिचे स्वरूप बदलले. यंत्राला शून्यबिंदू कोणता हे माणसाला सांगावे लागते, कापणाऱ्या पात्याची झीज ओळखून सुधारणा भरावी लागते, आणि पहिला नग मायक्रोमीटरने मोजून तो रेखाटनातील मर्यादेत आहे याची खात्री करावी लागते. ही मर्यादा अनेकदा मिलिमीटरच्या एक-दोन शतांशांची असते. रेखाटन वाचता न येणारा ऑपरेटर बटण दाबू शकतो, परंतु यंत्राची मांडणी करणारा 'सेटर' होऊ शकत नाही. ऑपरेटर, सेटर आणि प्रोग्रॅमर ही त्या दालनातील शिडी रेखाटन वाचण्यावर उभी आहे. त्याही पुढची पायरी म्हणजे साचे आणि डाय बनवण्याची कला, जी छत्रपती संभाजीनगर येथील इंडो-जर्मन टूल रूमसारख्या संस्थांत दहावीनंतरच्या दीर्घ पदविकेतून शिकवली जाते.

संधात्याच्या, म्हणजे वेल्डरच्या, कामात हीच प्रतवारी परीक्षेतून ठरते. ४५ अंशांत तिरप्या व घट्ट बांधलेल्या पाइपभोवती स्वतः फिरत जोड पूर्ण करण्याची चाचणी अवघड मानली जाते, कारण त्यात वरून, आडवे, उभे आणि डोक्यावर धरून असे सर्व प्रकारचे वेल्डिंग एकाच जोडात करावे लागते. जोडाचा क्ष-किरण काढून आत पोकळी राहिली आहे का, हे पाहिले जाते. तेल शुद्धीकरण कारखाने आणि जहाजबांधणी यांसारख्या ठिकाणी काम देणारा दाखल्याआधी हा क्ष-किरण पाहतो. मुंबईतील माझगाव डॉकची शिकाऊ उमेदवारांची शाळा आठवी, दहावी आणि आयटीआय अशा तीन पातळ्यांवर मुले घेते, ती याच परंपरेतली आहे.

रूळ आणि रुग्णशय्या

रेल्वेत सहायक लोको पायलट या पदासाठी दहावीसोबत आयटीआय किंवा अभियांत्रिकी पदविका ही पात्रता आहे, आणि तेथून मालगाडी, प्रवासी गाडी व मेल-एक्स्प्रेस अशा ठरलेल्या पायऱ्या आहेत. साताऱ्याच्या सुरेखा यादव यांनी कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून विद्युत अभियांत्रिकीची पदविका घेतली, १९८० च्या दशकात मध्य रेल्वेत प्रवेश केला, त्या देशातील पहिल्या महिला रेल्वेचालक ठरल्या, आणि मार्च २०२३ मध्ये त्यांनी सोलापूर-मुंबई मार्गावर वंदे भारत एक्स्प्रेस चालवली. त्यांच्या आधी त्या शिडीवर एकही स्त्री नव्हती, तरी पायऱ्या कागदावर लिहिलेल्या होत्या आणि म्हणूनच त्या चढता आल्या. आयटीआयमध्ये मुलींसाठी राखीव जागा असूनही त्यांचा ओढा शिवणकाम आणि संगणक यांसारख्या ट्रेडकडे राहतो, याचे एक कारण असे की वीजतंत्री झालेल्या मुलीला परक्या घरात कामाला पाठवण्यास कुटुंब तयार होत नाही. अशा वेळी आस्थापनेतील कामे, म्हणजे कारखाना, वीज उपकेंद्र, रेल्वे आणि मेट्रो, हा अधिक खुला मार्ग ठरतो.

रुग्णसेवेतील शिडीही तितकीच स्पष्ट आहे. बारावीनंतर एएनएम हा दोन वर्षांचा आणि जीएनएम हा तीन वर्षांचा परिचर्या अभ्यासक्रम पूर्ण करून महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी झाली की परिचारिका म्हणून काम करता येते, आणि जीएनएमनंतर काही काळाने पदवीही घेता येते. समाजातील वृद्धांचे प्रमाण वाढत असताना आणि मुले परगावी असताना या कामाची मागणी घटण्याचे कारण दिसत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळासंबंधी करार केला, त्यात परिचारिकांबरोबर वीजतंत्री, नळ कारागीर आणि चालक यांचाही विचार होता. जर्मनीत कारखान्यातील शिकवणी आणि व्यवसाय शाळा यांचा जोडमार्ग कायद्याने बांधलेला असल्यामुळे तेथे प्रमाणपत्राचा दर्जा कसून तपासला जातो, आणि जर्मन भाषा ही त्या मार्गावरील पहिली आणि अनेकांना अवघड वाटणारी पायरी आहे.

जिथे शिडी नाही

वाढ आणि प्रगती या दोन गोष्टी सारख्या नाहीत, याचे सर्वांत मोठे उदाहरण घरपोच सेवा देणाऱ्यांचे आहे. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालाने २०२०-२१ मध्ये देशात ७७ लाख गिग कामगार असल्याचा आणि २०२९-३० पर्यंत ते २.३५ कोटी होतील असा अंदाज दिला. गिग कामगार म्हणजे नेहमीच्या मालक-नोकर नात्याबाहेर, एकेका खेपेच्या वा कामाच्या हिशेबाने कमावणारा माणूस. मोटारसायकल आणि मोबाइल असला की हे काम लगेच मिळते, पहिल्या महिन्याची कमाई शिकाऊ उमेदवाराच्या विद्यावेतनापेक्षा अधिकही असू शकते, आणि म्हणूनच आयटीआयचे दुसरे वर्ष अर्धवट सोडून मुले तिकडे वळतात. परंतु पाच हजाराव्या खेपेनंतर माणसाच्या हातात पहिल्या खेपेपेक्षा अधिक असे काही राहत नाही. त्याचे पाचतारांकित मूल्यांकन एका कंपनीकडून दुसरीकडे नेता येत नाही, तर तारतंत्री परवाना गडचिरोलीतून रत्नागिरीला नेता येतो.

शिडी असलेल्या व्यवसायांतही ती मोडकी असू शकते, हे मान्य करावे लागते. काही आस्थापना शिकाऊ उमेदवाराला स्वस्तातला कामगार समजून वर्षभर एकाच यंत्रावर उभे करतात आणि वर्ष संपले की नवा उमेदवार आणतात. काही संस्थांतील यंत्रे उद्योगात केव्हाच मोडीत निघालेली असतात. आणि नियमित पदांची जागा कंत्राटी कामाने घेतल्यामुळे पहिल्या व दुसऱ्या पायरीतील अंतर अनेक ठिकाणी वाढले आहे. प्रमाणपत्र हा हक्काचा दस्तऐवज असला तरी तो नोकरीची हमी देत नाही.

निवडीपूर्वीचे प्रश्न

एखाद्या व्यवसायाकडे पाहताना विचारण्याजोगे प्रश्न या विवेचनातून निघतात आणि ते प्रवेश अर्ज भरण्यापूर्वी विचारायचे आहेत. हे काम जागेवर जाऊनच करावे लागते का, कारण ज्या कामासाठी छपरावर, खांबावर किंवा रुग्णाच्या उशाशी असणे भाग आहे ते दुसरीकडे हलवता येत नाही. यातील चुकीची किंमत कोण मोजतो, कारण जेथे चुकीने जीव जातो किंवा यंत्र बिघडते, तेथे आज ना उद्या कायदा किंवा ग्राहक कुशल माणसाचा आग्रह धरतो. यातील यंत्र किंवा पदार्थ बदलतो आहे का, कारण वायू, वाहन वा यंत्र बदलले की नवे शिकलेल्याचे मोल वाढते आणि जुन्यालाही परत शिकावे लागते. आणि अखेरचा, सर्वांत आवश्यक प्रश्न असा की या कामात पुढची पायरी कोणती, तिचे नाव काय, ती कोण देते आणि ती चढलेला माणूस आपल्याच तालुक्यात भेटतो का.

या अखेरच्या प्रश्नाचे उत्तर माहितीपत्रकात शोधण्यापेक्षा गावात शोधणे सोपे असते. नव्या घराच्या वीजजोडणीचा चाचणी अहवाल ज्याच्या सहीने जातो, तो ठेकेदार वीस वर्षांपूर्वी बहुधा याच तालुक्याच्या आयटीआयमध्ये मेगर धरायला शिकत होता, आणि त्यालाही त्या वेळी तिथे 'घातलेले'च होते.